जोडीची हाक

"चिखलातच लोळवायचंय तर पांढरे बूट कशाला घालायला लावतात हे लोक?" मागच्या सीटवरून आवाज आला, इतक्या जवळून की बोलणारीच्या तोंडातल्या बडीशेपेचा वास माझ्या मानेपर्यंत पोचला. ती अथर्वची मम्मी. बेव्हर्ली पार्कात आमच्या पलीकडच्या विंगमध्ये गेल्या दिवाळीत राहायला आलेली. तिच्या शेजारी हंसाबेन, तिची मुलगीही याच वर्गात, तिसरीत. "बूट का छोडो," हंसाबेन म्हणाली, "मेरे को तो दुसराच टेन्शन आहे. मागे एक लडकी हरवलेली ना इथे, खाडीत. तुम्हाला नाय माहीत?" "हरवली म्हणजे?" "मिली बाद में. पण भटकी होती म्हणे. टीचर बिचारी गला फाडून ओरडत होती आणि ही आपली निघून गेली कुठेतरी." "असल्या पोरांना घरीच ठेवावं ना मग," अथर्वची मम्मी म्हणाली. "एकीच्या नादात बाकीच्यांच्या जिवाला घोर." मग वेफर्सची पिशवी फाटल्याचा आवाज आला आणि विषय संपला. त्यांच्यापुरता.

शाळेची बस पुलावरून भाईंदर पश्चिमेकडे उतरत होती. मी मान वळवली नाही. साडीला फॉल लावताना कधी सुई बोटात जाते तेव्हा लगेच काही होत नाही. आपण आणखी दोन टाके घालतो. मग कापडावर लाल ठिपका दिसतो आणि कळतं, हे आपलंच. तसं झालं. पूल संपेपर्यंत मी रोहितच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत बसले होते, आणि मग कळलं की ही भटकी लडकी म्हणजे आमची मिनल. आज सकाळीच ती ओट्याशी उभी राहून चहाची गाळणी नळाखाली आपटत होती. बारावीत आहे आता. "आई, तू का जातेस दर वेळी ह्यांच्याबरोबर?" असं तिने माझ्याकडे न बघता विचारलं. मी म्हटलं, रोहित लहान आहे. "रोहितला लाज वाटते तुझी." वाटू दे, म्हटलं. त्यावर ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने गाळणी जागेवर लावली आणि मी 'जा' म्हणेपर्यंत ओट्याशीच उभी राहिली. ही माझी भटकी मुलगी. आठ-नऊ वर्षांत ती गोष्ट तोंडातोंडातून फिरून अशी गुळगुळीत झाली होती की कुणालाही खिशात ठेवता यावी. टोचणारी कड तेवढी आमच्या घरात राहिली होती.

खाडीशाळा ही सुरुची मिसची कल्पना. वर्गात फळ्यावर झाड काढून दाखवायचं नाही, मुलांनाच झाडापाशी न्यायचं. पावसाळा सरला की घोडबंदरच्या बाजूचं रान, थंडीत तिवरांची, म्हणजे खारफुटीची, खाडी, परीक्षेआधी उत्तनचा किनारा. तेव्हा सुरुची मिस नवी होती, लग्न व्हायचं होतं, केसांत पेन्सिल खोचायची. पालकसभेत तिने तिचा नियम सांगितला तेव्हा माझ्यासकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. रानात हजेरी नाही, जोडी. प्रत्येक मुलाला एक जोडीदार. शिट्टी वाजली की मिस हाक देणार, "जोडी?" आणि प्रत्येकाने उत्तर द्यायचं ते आपलं नाव घेऊन नव्हे, जोडीदाराचं घेऊन. 'अमका आहे', 'तमकी आहे'. "रानात कुणीही स्वतःपुरतं हजर नसतं," असं ती म्हणाली होती, आणि मला ते इतकं आवडलं होतं की घरी आल्यावर मी ते दशरथना, माझ्या नवऱ्याला, पोळ्या लाटता लाटता ऐकवलं होतं. मुलांचा आकडा विषम आला तर? हेही कुणीतरी विचारलं होतं. "मग उरलेलं मूल माझी जोडी," सुरुची मिस म्हणाली. तिच्या गालाला खळी पडली होती. पोरांमध्ये त्यावरून भांडणं व्हायची म्हणे, विषम उरण्यासाठी. ज्या दिवशी मिनल उरली त्या दिवशी सकाळी ती गेटपाशी उड्या मारत मला सांगायला मागे पळत आली होती, आई, मी मिसची जोडी.

पुढचं मला मिनलने सांगितलं. एकदाच सांगितलं, गरम पाण्याने तिचे पाय धूत असताना, आणि मी ते तेव्हापासून तसंच जपून ठेवलंय, घडी न मोडता. खाडीत उतरल्यावर एका मुलाचा बूट चिखलात रुतला. सुरुची मिस त्याच्याकडे जायला निघाली आणि हात सोडवताना मिनलला म्हणाली, "तू इथेच थांब हं, मी आले." मग तो बूट निघाला, त्याचं रडणं निघालं, मग कुणाला शी आली, मग वेळ झाली. बांधावर शिट्टी वाजली. जोडी? सगळ्यांनी आपापल्या जोडीदारांची नावं घेतली. सगळ्या जोड्या पुऱ्या. हाक देणारीने स्वतःला कुठे हाक द्यायची असते? बस भरली आणि निघाली. मी शाळेच्या गेटवर उभी, रोहित तेव्हा पोटात, सातवा सरत आलेला. बसमधून मुलं उतरली, मग दप्तरं, मग शेवटी सुरुची मिस उतरली, हातात कुणाची तरी विसरलेली टोपी. तिने मला बघितलं. माझ्या मागे बघितलं. मग पुन्हा मला बघितलं, आणि तिचा चेहरा जो झाला तो मी विसरलेले नाही, कारण त्या एका क्षणात तिला सगळं आठवलं होतं. त्यानंतर तिला कधीच काही आठवलं नाही.

आम्ही परत पोचलो तेव्हा खाडीला भरती लागली होती. मला चिखलात उतरू देईनात, मी बांधावर पोट धरून उभी आणि पुढे काळपट हिरव्या तिवरांची गर्दी, त्यातून पाणी असं आवाज न करता आत येत होतं, जसं घरात कुणी चपला काढून येतं. मिनलला शोधलं गोदूबाईने. शेजारच्या मुर्धा गावची, कालवं फोडायला आलेली. तिला कुणी सांगितलंही नव्हतं, तिला ती दिसलीच. कंबरेएवढ्या पाण्यात एका फांदीला धरून सरळ उभी. पोरीला काखेला मारून आणली तेव्हा गोदूबाई माझ्याशी नाही, जितेश सरांशी बोलली, पीटीचे सर ते, तेव्हाही होते. "पोर हालत न्हाय वो. बाईनं सांगितलंय म्हनते, हितंच थांब. उचलली तर माज्याच अंगावर वरडली, मिस येनार हाय." जितेश सरांनी ते ऐकलं. मी ऐकलं. सुरुची मिस तिथून चार हातांवर होती. तिने ओढणी तोंडात धरली होती.

ऑफिसात तीनदा बोलावलं आम्हाला. मी तेच सांगितलं, जे मिनलने सांगितलं. मोठ्या मॅडम फार गोड बोलल्या. लहान मूल आहे, घाबरलेलं मूल आहे, घाबरलं की मूल काहीही बोलतं. तुमचेही दिवस भरत आलेत, डोक्याला त्रास करून घेऊ नका. सुरुची मिस खुर्चीच्या कडेवर बसून आपल्या नखांकडे बघत होती. जितेश सर खिडकीबाहेर. दशरथ म्हणाले, जाऊ दे, पोर मिळाली ना. ते राजापूरकडचे, त्यांच्या घरात देवाचं देणं आणि शाळेचं म्हणणं यांना उलट बोलायची रीत नाही. मग एका सोमवारी प्रार्थनेनंतर मिनलला पुढे बोलावून म्हणायला लावलं: मी लाइन सोडली, पुन्हा सोडणार नाही. बाकीच्या मुलांनी शिकावं म्हणून. त्या दुपारी घरी येऊन तिने मला एकच विचारलं. "पण मी तर हललेच नव्हते ना, आई?" मी म्हटलं, नाही बाळा, नव्हतीस. तिने मान हलवली. मला वाटलं, तिला पटलं. आता कळतं, तिला पटलं नव्हतं. त्या दिवशीपासून तिने माझंही खरं मानणं सोडलं. आणि पुढच्या वर्षी खाडीशाळेचा नियम बदलला. उरलेलं मूल यापुढे मिसची जोडी नाही, ट्रेल मदरची जोडी. प्रत्येक सहलीला दोन-तीन आया बरोबर न्यायच्या. का बदलला, कुणी विचारलं नाही. कुणी सांगितलं नाही. नियम तेवढा बदलला, भिंतीवरचा डाग झाकायला कॅलेंडर सरकवतात तसा.

लोकांना वाटतं मी मोठ्या मनाची. त्याच शाळेत धाकटा घातला, त्याच्या प्रत्येक सहलीला ट्रेल मदर म्हणून मी हजर, डोक्यावर पिवळी टोपी, पर्समध्ये ओआरएसची पाकिटं. मोठं मन कसलं. उंदराचं बीळ कुठे आहे ते ठाऊक असलेली मांजर बिळापाशीच झोपते, तिला कुणी मोठ्या मनाची म्हणत नाही. पण मांजरीला निदान उंदीर ओळखतो. सुरुची मिस मला "रोहितच्या मम्मी" म्हणते. "रोहितच्या मम्मी, किती छान झालं तुम्ही आलात." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मिनलचं नाव एकदाही निघालं नाही, कशी आहे, कितवीला आहे, काही नाही. वाईट बाई असती तर सोपं होतं. ती वाईट नाही. तिच्या हाताखालून गेलेली पोरं मोठी होऊन तिला भेटायला येतात. ती चिखलात गुडघ्यावर बसून खेकड्याच्या बिळाशी अशी हळू बोलते की आपणही कान देतो. मलाही ती आवडते, हेच तर माझ्या घशात अडकलंय. एकदा स्टेशनजवळच्या साडीच्या दुकानातून फॉल-पिकोची कामं आली, त्यात एक मोरपंखी सिल्क, चिठ्ठीवर सुरुची मिसचं नाव. मी तो फॉल लावला. फार सुबक लावला. फक्त धागा एका बाजूने इतका ओढून लावला की दिसायला काही नाही, पण नेसल्यावर काठ आत ओढला जावा. गॅदरिंगला ती स्टेजवर आली तेव्हा डावीकडून साडी घोट्याच्या वर चढलेली, ती सारखी वाकून ओढत होती. मी तिसऱ्या रांगेत बसून मनसोक्त बघितलं. घरी येताना मात्र मला माझीच कीव आली. आठ वर्षांच्या मुलीला पाण्यात उभी करून ठेवल्याचा हिशेब, आणि वसुली काय, तर एक वाकडा काठ.

बस मुर्ध्याच्या पुढे थांबली. मिठागरांच्या बाजूने थंड, खारट वारा येत होता. मुलं उतरली, बांधावर जोड्या लागल्या. आणि एक मूल उरलं. "सान्वीची जोडी आज आली नाहीये, कांजिण्या आल्यात तिला," जितेश सर म्हणाले. आता त्यांचे केस विरळ झालेत, शिट्टी तीच. सान्वी म्हणजे सुरुची मिसची मुलगी. याच वर्षी वयात बसली म्हणून खाडीशाळेत आलेली. दोन शेंड्या, एका गुडघ्यावर खपली, आईचीच खळी. जितेश सरांनी इकडे-तिकडे बघितलं. अथर्वची मम्मी बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधत होती, हंसाबेनला फोन आला होता. "सान्वी, तू रोहितच्या मम्मीबरोबर जा," ते सहज म्हणाले. सुरुची मिस दहा पावलांवर दोरीची गुंडाळी सोडवत होती. तिचे हात थांबले. तिने वर बघितलं, माझ्याकडे नाही, जितेश सरांकडे. "सर, तिला..."

"काय मिस?"

वारा आला आणि गेला. मी तिच्याकडे बघत होते. तिला 'हिच्याकडे नको' म्हणायचं होतं. आणि म्हटलं की कुणीतरी विचारणार, का? का नको, रोहितच्या मम्मी तर दर वेळी येतात. त्या 'का'चं उत्तर तिने इतकी वर्षं गिळून ठेवलेलं, ते आता लेकीपायी बाहेर काढायचं की लेकीला माझ्या हातात द्यायचं, एवढाच प्रश्न होता. मला तो तिच्या तोंडावर दिसला, स्वच्छ, पाण्याखालच्या शिंपल्यासारखा.

"काही नाही," सुरुची मिस म्हणाली. "तिला टोपी घालायला सांगा."

सान्वीने येऊन माझा हात धरला. ऊबदार, जरासा चिकट हात, वेफर्सचं मीठ लागलेला. "काकी, तुम्हाला नियम माहिती आहे ना? तुम्ही माझं नाव घ्यायचं, मी तुमचं. तुमचं नाव काय?" अंबिका, म्हटलं. "मी अंबिका काकी म्हणू की नुसतं अंबिका?" काय हवं ते म्हण. मुलं दोरीला धरून तिवरांत उतरली आणि आम्ही शेवटच्या. चिखलाचा तो वास. कुजलेल्या पानांचा, अंड्याचा, ओल्या लोखंडाचा. पहिल्यांदा नाक मुरडतं आणि मग आपण तोच वास शोधायला लागतो. जमिनीतून तिवरांच्या मुळांची बोटं वर आलेली, हजारो, जणू खाली कुणी हात वर करून उभं आहे. "हे बघा ना काकी," सान्वी म्हणाली. "ही झाडं नाकाने नाही, पायाने श्वास घेतात. मम्माने सांगितलं. हे बघा ना, निवटी! मासा आहे पण चालतो. हे बघा ना." मिनल अशीच बोलायची. प्रत्येक वाक्याला 'हे बघ ना'. स्वयंपाकघरात, रस्त्यात, संडासाच्या दारातूनसुद्धा, आई हे बघ ना. कधी थांबलं ते? एका दिवसात नाही थांबलं. हळूहळू, नळाचा वायसर बदलल्यावर थेंब थांबतात तसं, आणि आपल्याला आठवडाभराने कळतं की अरे, शांत आहे. दोन वर्षांपूर्वी दशरथ तिला घेऊन भाईंदरच्या मार्केटात गेले, तिला मसाल्याच्या दुकानापाशी 'थांब, आलोच' म्हणाले आणि त्यांना गाववाले भेटले. दुकानदाराने शटर अर्धं ओढलं, तरी मिनल तिथेच. मुलीला फोन करता येत नव्हता का, असं दशरथ मलाच विचारत होते. फोन तिच्या हातात होता. सोसायटीच्या पोरी तिला पुतळा म्हणतात. पुढच्या महिन्यात तिला पुण्याच्या एका कॉलेजसाठी परीक्षेला जायचंय, एकटीने, आणि ती म्हणते, नको आई, मी इथेच बरी. इथेच. मला हा एक शब्द ऐकू आला की दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

मग बैठकीची वेळ झाली. प्रत्येक जोडीने आपली जागा निवडायची, तिथे गप्प बसायचं, कान उघडे ठेवायचे. सान्वीने मला ओढत एका वळणापलीकडे नेलं, आडवं झालेलं एक जुनं तिवर होतं तिथे. तिथून कुणी दिसत नव्हतं. मी खोडावर बसले, ती पुढे उकिडवी, एक पंजा मोठा असलेल्या लाल खेकड्याला बघत. खेकडा तो पंजा असा हलवत होता की जणू कुणाला तरी बोलावतोय. सान्वीच्या मानेवर केसांची लव होती. मी माझ्या मनाला तपासत होते, जिभेने दुखरा दात चाचपावा तसं. तिथे या पोरीबद्दल काहीच नव्हतं, नुसती माया होती, आणि तिच्या आईबद्दल जे होतं तेही जागेवरच होतं, आणि दोन्ही एकमेकांना धक्का न लावता शेजारी शेजारी बसली होती, जोडीने.

शिट्टी वाजली. लांबून, तिवरांतून गाळून आल्यासारखी. मग सुरुची मिसचा आवाज. "जोडी?" आणि उत्तरं सुरू झाली, चिमण्या उठाव्यात तशी. अथर्व आहे! रोहित आहे! माझ्या लेकाचं नाव कुणीतरी घेतलं आणि मला बरं वाटलं. आवाज पुढे पुढे सरकत आमच्यापर्यंत आले आणि थांबले. आता एक जागा रिकामी होती, माझ्याएवढी. तिथे मी दोन शब्द टाकायचे होते. सान्वीने वळून बघितलं. "काकी, आपला नंबर." मी म्हटलं, "थांब." आणि माझ्या कानांनी ऐकलं की मी पुढे म्हणाले, "इथेच थांब हं."

ती उठून सरळ उभी राहिली. हात बाजूला, पाय जोडून. पोरं मोठ्यांचं किती ऐकतात. खेकडा बिळात गेला. "जोडी?" दुसऱ्यांदा आली, जरा घाईने. मी बसून राहिले. मला काय हवं होतं? पोरीच्या केसालाही धक्का नको होता, ती माझ्या हाताच्या अंतरावर होती. मला हवी होती ती फक्त ही रिकामी जागा, हाक आणि उत्तर यांच्यामधली. हिच्यात उभं राहिल्यावर तोंडातली थुंकी कशी सुकते, हे त्या बाईला कळायला हवं होतं. मी तिच्यात आठ-नऊ वर्षं राहिलेय, तिने निदान चहा होईपर्यंत राहावं. पायांशी एक ओली रेघ आली, मुळांच्या बोटांमधून वाट काढत, आणि माझ्या चपलेला वळसा घालून पुढे गेली. पाणी. "सान्वी?" आता नियम मोडून मुलीच्याच नावाने हाक आली, आणि तो आवाज मिसचा नव्हता. तो मी ओळखला. तो बांधावरचा माझा आवाज होता. "सान्वी! सान्वी!"

"काकी, मम्मा रडतेय का?" सान्वी कुजबुजली. ती हललेली नव्हती. पाणी तिच्या बुटांच्या लेसवर आलं होतं. "मी ओरडू?" मी तिच्या बुटांकडे बघत होते. "नको तर मग तुम्ही ओरडा ना. माझं नाव तुम्ही घ्यायचं असतं." आणि ती माझ्याकडे बघत राहिली, रुसून नाही, घाबरून नाही. मोठ्या माणसाला नियम आठवतोय का, याची वाट बघत. असंच बघितलं असेल मिनलने, त्या दूर जाणाऱ्या पाठीकडे. पहिल्यांदा असंच, नुसतं वाट बघत. मग पाणी गुडघ्यावर आल्यावर कसं बघितलं असेल? आणि मग? ते मी कधीच मनात पुरतं बघितलं नव्हतं. नेहमी मी बांधावर उभी असायचे, पोट धरून. आज पहिल्यांदा मी त्या जागेवर होते. आणि ज्या बाजूला होते, ती मिनलची बाजू नव्हती.

मी उठले. सान्वीला काखेला मारलं, जड होती, पोटरीला पाणी लागत होतं. वळण ओलांडून बाहेर आले आणि म्हटलं, "सान्वी आहे." आवाज फुटला, पण गेला.

सगळे दोरीपाशी गोळा झाले होते. सुरुची मिस कुणाची वाट न बघता चिखलातून आली, एक बूट मागेच राहिला, तिने माझ्याकडून मुलीला घेतलं नाही, आधी तिच्या पायांना हात लावून बघितला, घोट्यांना, गुडघ्यांना, कुठपर्यंत ओले आहेत ते. माझ्याकडे बघितलं नाही. मग घेतलं. तिच्या हनुवटीला चिखल लागला होता. मागून अथर्वची मम्मी, पायांत पिशव्या करकरत, "अगं कुठे भटकत होतीस बाळा? टीचरची मुलगी ना तू? अशी लाइन सोडतात का?" हंसाबेन म्हणाली, "जाने दो, बच्ची है. मिल गयी ना."

"मी भटकले नाही," सान्वी आईच्या खांद्यावरून म्हणाली. "मी हललेच नाही. काकींनी सांगितलं, इथेच थांब."

जितेश सरांनी सान्वीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सवयीने जिथे खिडकी असायला हवी होती तिथे, तिवरांच्या वर, मोकळ्या आभाळाकडे. त्यांच्या तोंडून ते आपोआपच आल्यासारखं आलं. "लहान आहे हो," ते म्हणाले. "घाबरलीय. घाबरलं की मूल काहीही बोलतं." आणि माझ्याकडे बघून हसले, उपकार केल्यासारखे. केलाच होता. त्यांनी तो दरवाजा माझ्यासाठी उघडून धरला होता, तोच, ज्यातून सुरुची मिस तेव्हा निघून गेली होती. अथर्वची मम्मी मान डोलवत होती. हंसाबेनही. मी नुसतं गप्प राहायचं होतं. उद्या बसमध्ये मागच्या सीटवर एका भटक्या मुलीच्या जागी दोन झाल्या असत्या आणि वेफर्स फुटले असते. रोहित माझ्याकडे बघत होता. सान्वीने आईच्या मानेत तोंड घालून विचारलं, "पण मी तर हललेच नव्हते ना, मम्मा?"

इतकी वर्षं जपून ठेवलेलं ते एक वाक्य, मला वाटायचं ते फक्त आमच्या घरात आहे.

"ती खरं बोलतेय," मी म्हणाले. "मी तिला थांब म्हटलं. हाक ऐकू आली होती मला. तीन वेळा. मी उत्तर दिलं नाही."

अथर्वच्या मम्मीचं तोंड उघडं राहिलं. "क्यूं?" हंसाबेन म्हणाली, "पागल हो क्या, क्यूं?" जितेश सर म्हणाले, "रोहितच्या मम्मी, तुम्ही बसा जरा, उन्हाने..." मी बसले नाही. मी सुरुची मिसकडे बघत होते, आणि ती आता पहिल्यांदाच माझ्याकडे. डोळ्यांत राग होता, होणारच. मुलीला तिने इतकं घट्ट धरलं होतं की सान्वी चुळबुळ करत होती. पाणी दोरीखालून सरकत सगळ्यांच्या बुटांपर्यंत आलं, पांढऱ्या, पिशव्या बांधलेल्या, तिच्या एका अनवाणी पायापर्यंत. कुणी हललं नाही. ती आता काहीही म्हणू शकत होती. रोहितला शाळेतून काढायला लावू शकत होती, मला पोलिसांत देऊ शकत होती, आणि ते सगळं तिच्या तोंडावर आलं, एकामागून एक, आणि गेलं. तिने सान्वीला खाली ठेवलं. तिचा हात धरला.

"मिनलही खरं बोलत होती," सुरुची मिस म्हणाली. "मी तिला थांब म्हटलं होतं. तिची जोडी मी होते."